जे घेतलंच नाही, ते फेडायचं का?

(चाकण परिसरातील कामगार स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय ठरला तेव्हा तुमच्यातल्याच एकदोघी म्हणाल्या, ''ताई, कर्जाचं चारचौघींत कशाला बोलायचं? घरातली गोष्ट ती.'' नवरा मारतो हीसुद्धा एकेकाळी घरातलीच गोष्ट होती. बायकांनी ती बाहेर आणली, तेव्हा कुठे त्यावर कायदा झाला. कर्जाचंही तसंच आहे. ज्याची लाज वाटते त्याबद्दल आपण बोलत नाही, आणि आपण बोलत नाही यावरच वसुलीवाल्याचा सगळा धंदा चालतो.

आपल्या या पट्ट्याकडे बघा. भोसरी, चिखली, मोशीपासून ते नाणेकरवाडी, खराबवाडी, म्हाळुंगेपर्यंत आपण राहतो त्या खोल्या भाड्याच्या, काम ठेकेदाराकडचं, आणि गाव लातूर, बीड, धाराशिव, नाहीतर यवतमाळकडचं. पगाराची स्लिप मिळाली तर मिळाली. बँकेत गेलं तर साहेब आधी कागद मागतो. अशा वेळी फायनान्सवाला वस्तीत येतो, दहा जणी गोळा करा म्हणतो आणि आठ दिवसांत पैसे देतो. त्याला पुरुष नको असतात, बाई हवी असते. कारण बाई हप्ता चुकवत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ सालच्या नियमांप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असं सूक्ष्म कर्ज विनातारण द्यायचं असतं. तारण नाही म्हणजे घर नाही, सोनं नाही. मग हप्ता थकल्यावर ते धरतात काय? आपली चारचौघींतली अब्रू. आणि आता तिच्या जोडीला आणखी एक गोष्ट आली आहे, तिला सगळे 'सिबिल' म्हणतात.

हे सिबिल म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. कोणी किती कर्ज घेतलं, वेळेवर फेडलं की नाही, याची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आपल्या देशात आहेत. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांतली पहिली जास्त परिचयाची, म्हणून तिचंच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. त्यांना आपण पतमाहिती कंपन्या म्हणू. त्यांच्यासाठी २००५ साली कायदा झाला. बँका आणि फायनान्स कंपन्या आपली माहिती त्यांना पाठवतात. पूर्वी महिन्याला पाठवत, १ जानेवारी २०२५ पासून निदान दर पंधरा दिवसांनी पाठवावी लागते. त्यावरून ३०० ते ९०० या दरम्यान एक आकडा काढला जातो. तो कमी असला की बँक कर्ज नाकारते.

प्रश्न फक्त कर्जाचा राहिलेला नाही. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका उमेदवाराची सरकारी बँकेतली नेमणूक कर्जफेडीच्या खराब नोंदीमुळे रद्द झाली, ती योग्य ठरवली. म्हणजे हा कागद आता नोकरीच्या दारातही उभा आहे. ती नोंद खरी असेल तर एक वेळ ठीक. पण खोटी असेल तर?

एक हकीकत सांगते. त्या ताईंची परवानगी घेतली आहे, नाव मात्र सांगणार नाही.

ताई गाड्यांच्या वायरिंगचे हार्नेस जोडण्याचं काम करतात, ठेकेदाराकडून. मुलगी बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागला. शैक्षणिक कर्जासाठी आईला सहकर्जदार म्हणून घेतलं. बँकेत सांगितलं, ''तुमचं सिबिल खराब आहे, आधी जुनी थकबाकी भरा.'' कसली थकबाकी ते काही कळेना. त्याच महिन्यात मोटारसायकलवरून दोघं जण दारात आले. म्हणाले, ''बावन्न हजार आहेत. पंधरा हजार भरा, सगळं मिटवून टाकतो.'' ताईंनी डोरलं गहाण टाकायची तयारी केली. ''पंधरा हजारांत पोरीचं काम होत असेल तर होऊ दे,'' असं त्या म्हणाल्या.

आपल्यापैकी बहुतेक जणींनी हेच केलं असतं. भांडण नको, कटकट नको, पैसे देऊन मोकळं व्हावं. पण इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, वसुली एजन्सी ही फक्त वसुलीची कंत्राटदार असते. तिला नोंद करता येत नाही आणि पुसताही येत नाही. नोंद करते ती कर्ज देणारी संस्था. त्यामुळे दारात उभा असलेला माणूस 'मिटवतो' म्हणाला तरी मिटवण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. दुसरी, कमी पैसे घेऊन तडजोड झाली की कर्ज 'फिटलं' अशी नोंद होत नाही, 'सेटल्ड' अशी होते. त्याचा अर्थ पुढची बँक असा लावते, की या बाईने कर्ज घेतलं होतं आणि ते पुरतं फेडलं नाही. म्हणजे पंधरा हजारही जातात आणि न घेतलेलं कर्ज आपण कबूल करून बसतो.

म्हणून आम्ही आधी नोंद काढली. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. हा हक्क २०१७ सालापासून आहे. कुणी दोनशे-पाचशे रुपये मागून 'सिबिल काढून देतो, सुधारून देतो' म्हणत असेल तर त्याच्या नादी लागू नका. आणि चारही ठिकाणची नोंद बघा, कारण एका ठिकाणी दुरुस्त झालेलं दुसऱ्या ठिकाणी तसंच राहिलेलं असू शकतं.

ताईंच्या नावावर दोन नोंदी थकीत होत्या.

पहिली गटाच्या कर्जाची. ते कर्ज ताईंनी २०२१ मध्ये पूर्ण फेडलेलं होतं. शेवटचे दोन हप्ते रोख दिले होते, ते चढवलेच नव्हते, आणि त्यावर व्याज वाढत गेलं होतं. पण ताईंनी लोनकार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. त्यावर प्रत्येक हप्त्यापुढे सही होती. कार्डाची झेरॉक्स जोडून एक पत्र लिहिलं आणि महिन्याच्या आत ती नोंद बंद झाली.

दुसरी नोंद २०२३ सालची, मोबाईलवरून घेतलेल्या कर्जाची. ताई शपथेवर सांगत होत्या की हे कर्ज मी घेतलेलं नाही. संस्थेकडून कागद मागवले. अर्जाला ताईंचं आधार जोडलेलं होतं. पैसे ज्या खात्यात गेले ते खातं ताईंचं नव्हतं. आणि अर्जावर जो मोबाईल नंबर होता तो वाचून ताई थांबल्या. हळूच म्हणाल्या, ''हा तर ह्यांचा नंबर.''

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी मुद्दाम इथे बोलते आहे. कारण खोटी नोंद म्हटलं की आपल्याला कुठला तरी लांबचा भामटा आठवतो. पण आधारकार्ड, फोटो, ओटीपी हे सगळं ज्याच्या हाताशी असतं तो माणूस पुष्कळदा घरातलाच असतो. नवरा, दीर, भाऊ, कधी गटाची प्रमुख. मग 'हे कर्ज माझं नाही' एवढं साधं वाक्य उच्चारायलाही बाईला हिंमत गोळा करावी लागते. ताईंनी विचारलं, ''पोलिसांत ह्यांचं नाव दिलं तर मी राहू कुठे?''

या प्रश्नाचं उत्तर आपण बाहेरून देऊ शकत नाही, देऊही नये. पण मधला एक रस्ता होता. पत्रात आरोप करायचा नाही, फक्त खरं तेवढं लिहायचं. 'या अर्जावरची सही माझी नाही. हा मोबाईल नंबर माझा नाही. ही रक्कम माझ्या खात्यात आलेली नाही.' बस्स, तीन वाक्यं. मोबाईलवरून दिलेलं कर्ज थेट कर्जदाराच्याच खात्यात जमा झालं पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम सप्टेंबर २०२२ पासून आहे. तो पाळला नाही याचा जाब संस्थेने द्यायचा होता, ताईंनी नव्हे. संस्थेने आधी उत्तरच दिलं नाही. मग लोकपालाकडे तक्रार केली. नोंद निघायला पाच महिने लागले. मुलीचं ते वर्ष मात्र वाया गेलं. पाच महिन्यांनी न्याय मिळाला तरी प्रवेशाची तारीख कुणी पुढे ढकलत नाही, हेही सांगायला हवं. म्हणूनच गरज पडण्याच्या आधी नोंद बघायची.

आता आपलं कर्ज कुठल्या प्रकारात मोडतं ते नीट ओळखायला शिकू, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

फेडलं आहे पण नोंद तशीच आहे, हा पहिला प्रकार. इथे पावती आणि लोनकार्ड हाच पुरावा.

घेतलंच नाही, कुणीतरी आपल्या नावावर घेतलं, हा दुसरा. इथे अर्ज, सही, मोबाईल नंबर आणि पैसे कुठल्या खात्यात गेले हे तपासायचं. माणूस अनोळखी असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करायची. ऑनलाईन फसवणूक असेल तर १९३० हा क्रमांक आहे. संस्था कधी कधी पोलीस तक्रारीची प्रत मागतात. घरातला माणूस असेल तेव्हा हा निर्णय त्या बाईने, सगळं समजून घेऊन, स्वतः करायचा. आपण तिच्यासोबत राहायचं.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड. सही आपलीच, फोटो आपलाच, पण पैसे नवऱ्याने मोटारसायकलला लावले किंवा गटातल्या दुसरीने वापरले. खरं सांगायचं तर कायद्याच्या नजरेत हे कर्ज आपलंच आहे. नोंद खोटी आहे अशी तक्रार इथे चालणार नाही. पण दोन गोष्टी उरतात. हप्ता कमी करून मुदत वाढवून मागता येते. आणि नवऱ्याने धाकाने सही घ्यायला लावली असेल, तर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळ हीसुद्धा हिंसा मानलेली आहे, त्याखाली दाद मागता येते. गंमत बघा, तो कायदाही २००५ सालचाच. पतमाहितीचा कायदा आणि हा कायदा, दोन्ही एकाच वर्षी झाले आणि दोन्ही २००६ च्या अखेरीस अमलात आले. एकात बाईची पत आकड्यात मोजली जाते, दुसऱ्यात ती कुणी बुडवली हे विचारता येतं. दोन्ही सोबत वापरायला आपण शिकलं पाहिजे.

आणि नवऱ्याने फक्त स्वतःच्या सहीने घेतलेलं कर्ज? तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर ते बायको म्हणून तुमच्यावर येत नाही. नवरा वारला तरी त्याची जी मालमत्ता तुमच्याकडे आली तेवढ्यापुरतंच ते येतं. 'बायको आहेस, तुलाच भरावं लागेल' हे वसुलीवाल्याचं म्हणणं आहे, कायद्याचं नाही.

आता प्रत्यक्ष करायचं काय?

एक, तोंडी नाही म्हणून भागत नाही. दारातल्या माणसाला आपण शंभरदा नाही म्हटलं तरी कागदावर आपण थकबाकीदारच राहतो. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहा. त्यात चार गोष्टींच्या प्रती मागा : अर्ज, करारपत्र, पैसे कुठल्या खात्यात जमा केले त्याचा पुरावा, आणि कर्जखात्याचा उतारा. पत्र हातोहात दिलंत तर पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टने पाठवून पावती सांभाळा.

दोन, त्याच वेळी पतमाहिती कंपनीकडेही हरकत नोंदवा. त्याला पैसे पडत नाहीत. कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही, ती कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारते. पण ३० दिवसांच्या आत निपटारा झाला पाहिजे. नाही झाला, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. पत्रातच हे वाक्य घाला, उत्तर लवकर येतं.

तीन, महिन्यात उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. वकील लागत नाही, फी लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. २०२२ पासून पतमाहिती कंपन्यांविरुद्धही तिथे तक्रार करता येते.

चार, वाद चालू असताना 'सध्या पाचशे तरी भरा' याला भुलू नका. वादातल्या कर्जावर भरलेला पैसा म्हणजे कबुलीच समजली जाते. कर्जवसुलीचा दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. मुदतीच्या आत आपण लेखी कबुली देऊन थोडे पैसे भरले तर ती मुदत नव्याने सुरू होऊ शकते. कोऱ्या कागदावर सही तर कधीच नाही.

पाच, कोर्टाची नोटीस आली तर ती कपाटात ठेवू नका. १९८७ सालच्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. खेड तालुक्यातल्या बायकांनी राजगुरुनगरच्या न्यायालयात विचारावं, किंवा १५१०० वर फोन करावा.

आणि वसुलीची माणसं? कर्ज खरं असो की खोटं, त्यांना शिवीगाळ करता येत नाही, धमकी देता येत नाही, शेजारणींना, नातेवाईकांना, कामावरच्या लोकांना त्रास देता येत नाही, नाव जाहीर करता येत नाही. सूक्ष्म कर्जासाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. हप्ता ठरलेल्या जागीच घ्यायचा. लागोपाठ दोनदा आपण तिथे गेलो नाही, तरच घरी किंवा कामावर येता येतं. गुंड पाठवून वसुली करण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली प्रकाश कौर यांच्या खटल्यात बँकेला कडक शब्दांत सुनावलं होतं. तेव्हा दारात कुणी आलं की ओळखपत्र आणि संस्थेचं पत्र मागा. तारीख, वेळ, काय बोलला, वहीत लिहा. आणि रात्री नऊपर्यंत एखादीला केंद्रावर बसवून ठेवत असतील, 'तिचा हप्ता तुम्ही भरा' म्हणून तुम्हाला तिच्या अंगावर घालत असतील, तर तिच्या अंगावर जाऊ नका. तिच्या बाजूला जाऊन बसा.

कागद आणि कर्ज यांचं हे नातं आपल्या भागाला नवं नाही. १२ मे १८७५ रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. पुढे ते लोण तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातही गेलं. लोकांचा रोख होता तो कर्जरोख्यांवर. ते हिसकावून घेतले आणि जाळले, कारण त्यांत काय लिहिलं आहे ते वाचता येत नव्हतं आणि अंगठा मात्र आपला होता. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारला कायदा करावा लागला. रोख्यावर आकडा काहीही असो, व्यवहार मुळात काय झाला ते न्यायालयाने तपासावं, आणि कर्जदाराला पावती आणि हिशेब मिळावा, असं त्यात आलं. आजचा रोखा जाळता येत नाही, तो संगणकात आहे. पण वाचता येतो, मागता येतो, खोडून काढता येतो. आपण आज मागतो आहोत तेही तेच आहे : मुळात काय झालं ते दाखवा, हिशेब द्या.

शेवटी एक साधी पण महत्त्वाची गोष्ट. थकबाकीची नोंद पाठवताना संस्थेने कर्जदाराला मेसेज करायचा असतो. आपला अहवाल कुणी पाहिला तरी मेसेज यायला हवा. पण तो जातो कागदावर दिलेल्या नंबरावर. आपल्यापैकी कितीजणींच्या कागदांवर नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर आहे? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. म्हणजे आपल्या नावावर काय चाललं आहे ते आपल्याखेरीज सगळ्यांना कळतं.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एक पिशवी आणायची. तिच्यात लोनकार्ड, पावत्या, पासबुक आणि आधार. स्वतःचा मोबाईल नंबर नसेल तर तो घ्यायची तयारी करून यायचं. आपण दहा-दहा जणी बसून सगळ्यांच्या नोंदी काढू, मोठ्याने वाचू, आणि जिथे खोटं आहे तिथे त्याच दिवशी पत्र लिहू. गटाने कर्ज घेता येतं, तसं गटाने हिशेबही मागता येतो. पोस्ट ऑफिस पाचला बंद होतं, म्हणून दुपारी दोनलाच जमू.